सुदाम मिस्त्रींचं नख

एकदा मी वाफेच्या पाइपाची फ्लँज एमरी कागदानं घासून आरशासारखी चकचकीत केली. शेठ खूश होतील असं वाटलं होतं. शेठ पाहायला वाकले आणि नेमकी तेव्हाच जोडातून वाफ सुटली. चष्म्यासकट शेठ पांढरे झाले.

दिग्रसच्या एका सरकीच्या तेल गिरणीत मी स्टोअर सांभाळतो. फ्लँज म्हणजे पाइपाच्या टोकाची जाड लोखंडी चकती. अशा दोन चकत्या समोरासमोर आणायच्या, मध्ये गास्केटचं मऊ कडं घालायचं आणि बोल्ट आवळायचे. तोंड जितकं गुळगुळीत तितका जोड पक्का, हा माझा समज. आमच्या लेथवरचे सुदाम मिस्त्री तो ऐकून म्हणाले, "बाबूजी, घसरगुंडीवर कोणी बसून राह्यते का?"

मग त्यांनी स्वतः कातलेली फ्लँज दाखवली. तोंडावर बारीक गोल रेघा, एकीला लागून एक. बोल्ट आवळले की गास्केट त्यांत रुतून बसतं. रेघा फार खोल नकोत, फार उथळही नकोत. आणि त्यांना आडवा कापणारा एक ओरखडा असला, तर वाफेला बाहेर यायला आयती पायवाट.

हे तपासायला बाजारात यंत्र मिळतं म्हणे. मिस्त्रींकडे उजव्या अंगठ्याचं नख होतं. "नख खोटं नाई बोलत," हे त्यांचं पालुपद. ते नख लोखंडापुरतं थांबत नसे. लग्नाच्या पंगतीत आधी ताटावर नख फिरवायचे, मग वरण घ्यायचे. माझ्या नव्या मोटरसायकलच्या टाकीवर फिरवून म्हणाले, "कंपनीनं इथं घाई केली." दारव्ह्याच्या साडूनं घर बांधलं, तर वास्तूच्या दिवशी हे भिंतीला नख लावत सगळ्या खोल्या फिरले. साडू अजून बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी हे सगळं अचानक बंद झालं आणि नवंच खूळ सुरू झालं. फ्लँज कातून झाली की मला हाक यायची.

"बाबूजी, लावा नख. काय म्हणते?"

"किरकिरतंय."

"कसं? गव्हाच्या पिठावानी का ज्वारीच्या?"

"ज्वारीच्या."

"गोल फिरवा. कुठी अटकते?"

"नाही."

एवढं झालं की फ्लँज मशीनवरून उतरायची. मिस्त्री आपली विद्या माझ्या हवाली करताहेत, अशी माझी खात्रीच झाली. घरी जाऊन मी बायकोच्या पोळपाटावर नख फिरवलं आणि मत दिलं. त्या रात्री पोळ्या झाल्या नाहीत.

यंदा हंगामाच्या तोंडावर शेठनी सांगून टाकलं, "मिस्त्री, या वक्ताला जोड गळला तर फ्लँजा यवतमाळहून करून आणीन. तिथं कॉम्प्युटरवाली मशीन आहे." लेथवर फ्लँजांशिवाय दुसरं काम उरलेलंच नव्हतं. फ्लँजा गेल्या की लेथ भंगारात, आणि मिस्त्री घरी.

मिस्त्रींनी फ्लँज कातली, हाक मारली. मी आर्णीच्या मेहुण्याशी फोनवर बोलत होतो. बोलता बोलता अर्ध्या गोलावर नख फिरवलं आणि म्हणालो, "एक नंबर." ओरखडा उरलेल्या अर्ध्यात होता. दुसऱ्या दिवशी जोड गळला.

शेठ आले. मिस्त्री एवढंच बोलले, "माही चुकी हाय." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तासभर स्टोअरमधले नटबोल्ट उगाच इकडचे तिकडे केले, मग शेठकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. चूक माझी होती, हे पटायला शेठना अजिबात वेळ लागला नाही, याचं थोडं वाईट वाटलं. म्हणाले, "उद्या परत कातू द्या. पण आखरी."

दुसऱ्या दिवशी फोन बंद करून मी तीनदा पूर्ण गोल नख फिरवलं. मिस्त्री फ्लँजकडे पाहतच नव्हते, माझ्या तोंडाकडे पाहत होते. वाफ सोडली. जोड कोरडा राहिला. लेथ वाचली.

संध्याकाळी मिस्त्रींनी पहिल्यांदाच घरी चहाला नेलं. काकूंनी स्टीलच्या ग्लासांत चहा दिला. माझा ग्लास मला धरवेना. या हातातून त्या हातात नाचवत होतो. मिस्त्रींनी मात्र आपला मुठीत गच्च धरला होता. काकूंनी तो काढून घेतला, त्यांचा तळवा उलटा करून पाहिला आणि फुंकर घातली.

"शुगरनं बोटं गेले त्यायचे," त्या मला म्हणाल्या. "दोन वर्सं झाले. गरम समजत नाई, खरबडीत समजत नाई. शेठले सांगू नका."

मिस्त्री दाराबाहेर बघत राहिले.

मी म्हणालो, "काका, एवढ्या गिरणीत तुम्ही माझ्यावरच भरवसा टाकला. माझ्यात काय पाहिलं?"

उत्तर काकूंनी दिलं.

"रिकामे दिसले तुमी."