केळुसकरांची पिवळी गाडी

"अहो, सुरमई शिजली! मी ही तळायला आणली होती हो, तळायला!"

मस्कतजवळच्या अल खौदमधल्या आमच्या बिल्डिंगखाली, भर दुपारी, सुनंदावहिनी गाडीच्या उघड्या डिकीसमोर उभ्या राहून ओरडत होत्या. डिकीतून वाफ येत होती. शेजारी त्यांचे यजमान, म्हणजे आमचे केळुसकर, अजिबात न ओशाळता माशात बोट खुपसून पाहत होते.

"मीठ लावलं असतंस तर इथेच जेवलो असतो," ते म्हणाले.

केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याचे. एअरपोर्टच्या पुढे गाला नावाचा कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका अॅल्युमिनियम खिडक्यांच्या कंपनीत नोकरी. माणूस साधा, सालस, निर्व्यसनी. व्यसनाची सगळी जागा या गाडीने घेतलेली. इंग्लंडात कुठल्याशा शेडमध्ये हाताने जोडलेली, मोजक्याच निघालेली ही दोन सीटची पिवळी गाडी. एका गोऱ्या साहेबाने मस्कत सोडताना ती यांच्या गळ्यात मारली आणि विमानात बसून पोटभर हसला असावा. तिचं इंजिन पुढेही नाही, मागेही नाही. सीटच्या पाठीला चिकटून, मधोमध. त्याच्यामागे डिकी. त्यात ओमानचा उन्हाळा. म्हणजे डिकी कसली, तंदूरच! आमच्या हिने एकदा त्यात पापडांचं पुडकं ठेवलं, तर घरी येईस्तोवर भाजून तयार. फक्त तूप लावायचं राहिलं होतं.

"इंजिन मध्ये असलं की बॅलन्स येतो," हे केळुसकरांचं ब्रह्मवाक्य. ते कुठेही लागू पडतं. मंडळाच्या गणपतीत मूर्ती कुठे ठेवायची? मध्ये, बॅलन्स येतो. लग्नाच्या पंगतीत भात कुठे वाढायचा? मध्ये. वहिनी आणि त्यांच्या सासूबाईंचं फोनवर वाजलं, तर हे मध्ये. तिथे मात्र बॅलन्स आल्याचं ऐकिवात नाही.

गाडी इतकी बुटकी, की रस्त्याकडेचा उंट वाकून आत बघतो आणि कीव येऊन पुढे जातो. आत शिरायचं तर आधी बूड, मग पाय, शेवटी अब्रू. बाहेर यायला दोन माणसं लागतात. सत्यनारायणाला मी सोवळं नेसून त्या गाडीत बसलो होतो. कसा उतरलो ते विचारू नका. एसी गोऱ्या साहेबाच्याच काळात खलास झालेला. "त्याचा पार्ट इंग्लंडहून निघालाय, इन्शाल्ला," असं केळुसकर दर उन्हाळ्यात सांगतात. पोहत येत असावा.

त्यांची मुलगी सई या गाडीला लहानपणी "बाबांची बी" म्हणायची, बी म्हणजे मधमाशी. मोठी झाल्यावर तिने एकच वाक्य धरलं, "बाबा, प्लीज, स्कूलच्या गेटपाशी नको हं. कॉर्नरला." कोपऱ्यावर उतरून मैत्रिणींत मिसळायची, आणि त्यांच्यात एकदा इंग्रजी सुरू झालं की बापाकडे वळूनही बघायची नाही. पुढे पुढे ती वहिनींच्या मोठ्या गाडीतून, मागच्या सीटवर, कानात वायरी खुपसून जाऊ लागली. केळुसकर कंपनीत एकटेच जायचे. शेजारच्या सीटवर डबा.

मग सईला पुण्याला कॉलेजात प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी मी माझी गाडी काढली, दोन बॅगा कोंबल्या. इतक्यात केळुसकर लेकीसमोर उभे राहिले. एरवी गाडीबद्दल तासभर बोलणारा माणूस, किल्ली या हातातून त्या हातात करू लागला.

"सई, तू... म्हणजे माझ्याबरोबर येतेस? तुझी इच्छा असेल तर."

"एसी नाही ना अजून?"

"नाही."

सईने आईकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं. "ओके," म्हणाली आणि शिरली आत. आधी बूड, मग पाय.

पुढे ती पिवळी गाडी, मागे मी आणि वहिनी. आणि काय सांगू, शंभराच्या स्पीडच्या गप्पा मारणारा हा माणूस हायवेच्या कडेकडेने लग्नाच्या वरातीसारखा चालला होता! पाण्याचे टँकर आम्हांला हॉर्न मारून पुढे जात होते. एका टँकरवाल्याने काच खाली करून "यल्ला!", म्हणजे चला आटपा, म्हणून हात झटकला, तोही मलाच. मागच्या एवढ्याशा काचेतून दोन डोकी दिसत होती. इंजिनच्या त्या गोंगाटात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती. काय बोलत होती ते इंजिनलाच ठाऊक.

"भावजी, हॉर्न मारा! विमान सुटेल पोरीचं!" वहिनींनी डॅशबोर्डच बडवायला घेतला. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

एअरपोर्टची एक्झिट आली. केळुसकर सरळ पुढे! पार गालापर्यंत, तिथून वळसा, पुन्हा तोच हायवे. वहिनींचे तेवढ्यात माहेरचे, सासरचे, ओमानचे सगळे देव आळवून झाले.

विमान मिळालं, कसंबसं. काउंटरवर शेवटची सईच. आत जाताना तिने वळून, चांगल्या खणखणीत आवाजात, साऱ्या एअरपोर्टला ऐकू जाईल असा "बाबा!" म्हणून हात हलवला.

बाहेर पार्किंगमध्ये केळुसकर गाडीची स्वच्छ काच पुन्हा पुशीत उभे होते. माझं डोकं अजून तापलेलंच.

"अहो केळुसकर, रोज या रस्त्याने कंपनीत जाता तुम्ही! एक्झिट चुकलीच कशी तुमची?"

त्यांनी फडक्याची घडी घातली.

"चुकली नव्हती," ते म्हणाले.