हसूशेठचा आडवा डंपर

मतदानाच्या दिवशी भल्या सकाळपासून आमच्या सोसायटीच्या फाटकात एक डंपर आडवा उभा असायचा. हसूशेठचा. पायी बाहेर पडा, मत द्या, परत येऊन शाई लागलेलं बोट दाखवा. मगच डंपर मागे सरकणार आणि तुमची गाडी निघणार. लोणावळ्याला निघालेली मंडळी पोराबाळांसकट फाटकाशी अडकून हॉर्न वाजवत बसायची आणि हसूशेठ चाकाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत निवांत दात कोरत असायचे.

सुकापूरमधली आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती एकेकाळी त्यांची भातशेती. त्यामुळे फाटक आपल्या बापाचं आहे असं त्यांना मनापासून वाटतं, आणि तसं ते खोटंही नाही. तळमजल्यावर, माझ्या घराच्या बरोबर खाली, ते एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रुपेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत.

मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मला या दांडगाईचा भयंकर संताप यायचा.

"शेठ, मत देणं हा हक्क आहे. न देणं हाही हक्कच. सक्ती केली की ती लोकशाही राहत नाही."

"बाई, हेल्मेटची सक्ती हाय. कचरा येगला कराची सक्ती हाय. मंग मतालाच काय धाड भरली?"

"आणि एकही उमेदवार पसंत नसेल तर?"

"तर नोटा दाबा! पन जा! कायदाच कराला पायजे. जो नाय जाईल त्याचं पानी तोडा, पासपोर्ट अडकवा. नाव जिथं, मानूस तिथं!"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. भाजीवाली, रिक्षावाला, लग्नातला शेजारचा पाहुणा, कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. एकदा स्वतःच्याच घरच्या सत्यनारायणाला त्यांनी भटजींचं बोट तपासलं. ते कोरं निघालं. शेठ पूजा अर्धवट टाकून पाटावरून उठले आणि भटजींची कथा रिकाम्या पाटाला ऐकवावी लागली.

मतदानाच्या आधी आठवडाभर रुपेशला फोन चालायचे. शेठचा आवाज असा की फोन नसता तरी पुण्याला पोचला असता. "रुपेश, कायदा येतोय हां! यावं लागंल. यादीत नाव हितं हाय तुजं." कायदा काही आला नाही. रुपेश मात्र यायचा, बायको-मुलीला घेऊन. मग शेठ स्वतः खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण करायचे. बापलेक जोडीने मत देऊन यायचे आणि नात रडते म्हणून शेठ बॉलपेनने तिच्याही बोटाला शाई लावायचे.

यंदा मी भांडायच्या तयारीनेच खाली उतरले, तर फाटक मोकळं. मत देऊन परतले तरी गाड्या भराभर लोणावळ्याकडे पळतच होत्या. बोटं कोरी आणि चेहऱ्यावर लाज म्हणून नाही! "काकू, सुट्टी एन्जॉय करा," एक जण काच खाली करून मला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला डंपर हवासा वाटला. मी तरातरा शेठच्या दारात गेले.

"डंपर कुठाय?"

"खदानीवर." ते माझ्याकडे बघेनात. "तुमीच सांगायच्या ना, बाई? लोकशाही हाय. कोनावर सक्ती कराची नाय."

"आणि तुमचा कायदा?"

"येऊच नये आता."

मी दारातच उभी राहिले. शेवटी ते पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले,

"रुपेशनं यादीतलं नाव पुन्याला नेलं. आता कायदा आला तर ह्या दिवशी त्याला तितंच जावं लागंल. नाय आला तर... सुट्टी तर हायच ना त्याला? तितलं मत बुडवून येल कदीतरी."

आतून जिताड्याचा वास येत होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्या रुपेशचा राग आला, त्याच्या पुण्याचा आला, आणि सगळे हक्क शिकवून एकट्या बापाबद्दल एक धडा न देणाऱ्या माझ्या नागरिकशास्त्राचाही आला. मी शेठचा हात ओढून बोट बघितलं. कोरं!

"अजून गेला नाहीत?"

"आमी संगती जातो."

"उठा. माझ्याबरोबर चला."

"सक्ती करताय, बाई?"

"हो, करतेय."

त्यांनी निमूट गॅस बंद केला, चपला घातल्या. फाटकाशी मात्र थबकले आणि वॉचमनला म्हणाले,

"पुन्याची गाडी आली तर सोड आत. सांग, बाप मत द्याला गेलाय. बापाचं नाव हितंच हाय."