नाताळचा ब्रंच आणि आईची पिशवी

इंग्लंडात लीड्सला दोन वर्षं शिकून मी वरूडला परतलो ते गावात क्रांती करायचीच, असं ठरवून. क्रांतीचं साधन होतं टी-रूम! रस्त्याच्या कडेला आमचं संत्री भरायचं शेड आहे. तिथे लोक निवांत बसतील, चहा पितील, वाद घालतील, गाव बदलेल! (गावाला अजून विचारलं नव्हतं.) अडचण एकच. शेड बाबांचं होतं आणि नाताळच्या संध्याकाळी ते एका खतवाल्याला भाड्यानं देणार होते.

"देण्याआधी एकदा टी-रूम डोळ्यांनी पाहा तर!" मी म्हणालो. अमरावतीत नवी टी-रूम उघडली होती, त्यात नाताळची सुट्टी. "सकाळी काही खाऊ नका. आपण ब्रंच करू!"

"ते काय असते बे?" बाबांनी विचारलं.

"नाश्ता आणि जेवण एकदमच."

"चाला, एक खेप वाचते," बाबा म्हणाले. आई पिशवी भरत होती. तिथे सगळं मिळतं म्हणून मी तिला अडवलं. तिनं पिशवी घेतलीच.

टी-रूम पाहून माझ्या अंगावर काटा आला. पांढरे टेबलक्लॉथ, फुलाफुलांच्या किटल्या, गळ्यात बो बांधलेला मालक किशोर! मी कुणालाही न विचारता ऑम्लेट, स्कोन (बिस्किटाचा जाड इंग्रजी भाऊ), सँडविच, केक, सगळं मागवलं. टेबल भरलं. आईबाबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"घ्या ना!"

"शिवम, आज वार कोणता हाय?" आईनं विचारलं.

"सुट्टी!"

"सुट्टी हा वार नसते, बापा. गुरुवार हाय."

माझ्या हातातला स्कोन खाली पडला. (त्याला काही झालं नाही. फरशीची काळजी वाटली.) आमच्या घरी गजानन महाराजांचा गुरुवार आजोबांपासून चालत आलेला. बारावीपर्यंत मीही धरायचो!

"मग आधी सांगितलं का नाही?"

"पोट्टा कितीबी लांब गेला तरी गुरुवार कुठं विसरते?" बाबा म्हणाले. "मले वाटलं, ब्रंच म्हणजे उपवासाचंच काही नवं असन."

चहा तरी चालत होता. पण किटलीतून काळं पाणी आलं आणि दूध वेगळं, डोळ्यात घालायच्या औषधाएवढं.

"याच्यात दूध कावून नाही?"

"बाबा, हा पानाचा खरा स्वाद आहे."

बाबांनी घोट घेतला. "चहा आजारी हाय का? पथ्यावर ठेवलेला दिसते."

मी किशोरला उपवासाचं काहीतरी आणायला सांगितलं. त्यानं भल्यामोठ्या प्लेटमध्ये संत्र्याच्या मोजक्या फोडी आणल्या, वर पुदिन्याचं पान. बाबा प्लेटकडे पाहतच राहिले. "अवं, आपून ट्रकानं विकतो ते हा फोडीनं वाढून राह्यला."

तेवढ्यात आईनं पिशवीतून डबा काढला. साबुदाण्याची उसळ! वास सगळीकडे पसरला. किशोर धावत आला. "काकू, बाहेरचं अलाऊड नाही इथं."

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तोंड किती उतरलं तुहं. काही खाल्लं का सकाळपासून?"

किशोरनं आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माहाबी गुरुवार हाय, काकू." आणि बो सैल करून खुर्ची ओढून बसला. शेजारच्या टेबलावरच्या बाईही वाटी घेऊन आल्या. बाबा हे सगळं बारीक डोळ्यांनी पाहत होते.

परतताना गाडीत ते म्हणाले, "खतवाल्याले नाही म्हणतो. शेड देलं."

मी आनंदानं ओरडलो. "बाबा, तुम्हाला पटलं!"

"तुह्या मायले देलं. चहाचं तू पाह्य."

आता गुरुवारी आमच्या शेडवर उसळीसाठी गर्दी असते. लोक निवांत बसतात, वादही घालतात! (उसळ कुणाला आधी, यावर.) माझी किटली कोपऱ्यात दिमाखात उभी असते. किशोर अमरावतीहून खास ब्रंचला येतो, उसळ खातो आणि चहा मात्र थर्मासमधून घरचा आणतो.

"बाहेरचं अलाऊड नाही!" परवा मी त्याला ठणकावून सांगितलं.

त्यानं शांतपणे थर्मास उघडला. पहिला कप आईला दिला, दुसरा बाबांना. तिसरा, खोटं कशाला बोलू, मीच मागून घेतला.