बाबाच्या पुस्तकात चूक नसते

छापखान्यात त्याला सगळे 'काटेकोर' म्हणत, आणि ते कौतुकानंच म्हणतात अशी त्याची ठाम समजूत होती. प्रुफं तपासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता! ऱ्हस्व-दीर्घासाठी तो जीव टाकी. त्यामुळे लेक मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसायची ठरली, तेव्हा त्यानं स्वतः तपासलेलं सरावाचं पुस्तक तिच्यापुढे आपटलं.

"यात एक चूक दाखव, मिशी उतरवतो!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लेक तेच पुस्तक घेऊन मुसमुसत आली.

"बाबा, ही संख्यामालिका सुटतच नाहीये."

४, ९, १९, ३४, ५४, ८९. पुढे काय? मागच्या पानावर उत्तर होतं १०९.

"हात्तिच्या!" म्हणत काटेकोर पुढे सरसावला. आधी पाच वाढले, मग दहा, मग पंधरा, मग वीस. छान! आणि मग एकदम पस्तीस! आणि पस्तीसवरून पुन्हा वीस! अंगात आल्यासारखे आकडे उड्या मारत होते. त्यानं बेरजा केल्या, वर्ग केले, अंक उलटे मांडले, शेवटी पुस्तकच उलटं धरलं.

"अहो, छापण्यात काही चुकलं असेल," बायको पोळपाट धुता धुता म्हणाली.

"माझ्या पुस्तकात? अगं, पुस्तक चुकत नसतं, आपण चुकतो!"

हे ऐकलं आणि लेकीनं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे मीच ढ आहे. मी उद्या जातच नाही."

वर्षभर पोर खेळणं सोडून अभ्यासाला बसली होती, आणि आपल्या एका वाक्यानं तिचं अवसान गळालं! आता हे गणित सुटलं नाही तर परीक्षाही गेली आणि शाळाही गेली. त्यानं घाईघाईनं छापखान्यातल्या बाईंना फोन लावला. बाई मूळ प्रत मोठ्यानं वाचत आणि हा समोरचं प्रूफ ताडून बघे, अशी त्यांची जोडी होती.

"बाई, ती चार, नऊ, एकोणीसवाली मालिका! चोपन्ननंतर काय आहे?"

बाईंनी प्रत शोधली. "एकोणऐंशी."

"तेच तर छापलंय!" तो हताश होऊन खुर्चीत कोसळला. "टाइप करणाऱ्या ऑपरेटरनं आधी चुकीचं टाकलं होतं, मीच लाल शाईनं दुरुस्त केलं. चांगला झापलाही त्याला!"

लेकीनं नाक पुसलं. "बाबा, एकोणऐंशी म्हणजे किती?"

"किती म्हणजे? ऐंशी ऐकलं की आठ, आणि एकोण ऐकलं की नऊ. एकोणनव्वद... नाही... आठावर नऊ!"

लेकीनं पुन्हा पेन्सिल उचलली.

"बाबा, ऐंशीला एक कमी. सातावर नऊ."

पंचवीस वाढले! मग तीस! एकशे नऊ! लेक टुणकन उडाली. "मी ढ नाहीये! मी उद्या जाणार!" ती पळत जाऊन दप्तर भरायला लागली. काटेकोर मिशीवरून हात फिरवत बसला. निदान पोरगी सावरली, मिशी काय, पुन्हा येईल.

बायको मात्र हातातला पोळपाट तसाच धरून फ्रिजकडे बघत उभी होती. फ्रिजवर परीक्षाकेंद्राच्या पत्त्याची चिठ्ठी होती. काटेकोर अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक: इमारत ७९, टॉवर रस्ता.

"अहो, शाळेच्या बाईंनी फोनवर काय सांगितलं होतं?"

"एकोणसत्तर," तो म्हणाला, आणि त्याची नजर चिठ्ठीवरच्या ७९ वर गेली.

"आणि तुम्ही तर परवा जाऊन केंद्र बघून आलात!"

"आलो ना," काटेकोर पुटपुटला. "गाद्यांचं दुकान होतं. मला वाटलं, शाळा मागच्या बाजूला असेल."