सातातल्या काड्या

पोरांचं लग्न ठरवायला म्हणून दोन्ही घरं मुलीकडे जमली खरी, पण कॉफी संपली तरी कुणाला बोलायला विषय सुचेना. मुलीचे वडील जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले. मुलाची आई मुख्याध्यापिका, म्हणजे समोर माणूस दिसला की आधी त्याची चूक शोधणार. दोघांचीही नजर फ्रीजवरच्या डिजिटल घड्याळावर होती. पाच पंचावन्न झाले.

"पंधरा!" दोघं एकदम ओरडले.

पंधरा म्हणजे घड्याळातले आकडे ज्यांनी बनतात त्या पेटलेल्या काड्या. एका पाचाला पाच, तीन पाचांच्या पंधरा. काड्या मोजायचा हा नाद जगात आपल्या एकट्यालाच आहे, अशी दोघांची आजवर समजूत होती. वडिलांना तर भरूनच आलं. "विहीणबाई, लग्न ठरलं म्हणून समजा!"

हे सुख दोनच मिनिटं टिकलं. सत्तावन्न झाले.

"तेरा," वडील म्हणाले.

"चौदा," बाई म्हणाल्या. "साताला चार काड्या असतात. डावीकडे वर एक असते, ती उडालेली दिसतेय तुमची."

"माझ्या घरातली काडी उडालीय?" वडील उठलेच. पुढच्या मिनिटाला आठ उगवला तसं त्यांनी काचेवर बोटच ठेवलं. "ही बघा, जळतेय की ढळढळीत!"

"मग घड्याळच हलक्यातलं आहे."

"अस्सं! मग आमची मुलगीही हलक्यातलीच असेल, बाई!"

"तसं मी म्हटलं नाही. अजून."

विहीणबाईंच्या नुसत्या 'बाई' झालेल्या पाहून लेक ताडकन उठली. एवढी वर्षं जपून आणलेलं लग्न एका काडीवरून मोडायला निघालं होतं. ती तरातरा गेली आणि तिने घड्याळाचा प्लगच उपटला.

"सांगा, आता किती?"

"शून्य," वडील पुटपुटले.

"शून्य," बाईंनाही कबूल करावं लागलं. पण राहवेना. "आणि शून्याला सहा."

"सहाच! त्यात वादच नाही, विहीणबाई!"

मग काय, दोघं कॅलेंडर घेऊन तारीख काढायलाच बसले, सातवाल्या तारखा तेवढ्या वगळून.

लेक मुलाला घेऊन गॅलरीत आली आणि पोट धरधरून हसली. "काय माणसं आहेत रे! सातावरून भांडतात!"

"नाही तर काय," तोही हसला. "तुझ्या बाबांनी उगाच ताणलं. चांगल्या घड्याळात चारच असतात."

लेकीचं हसू थांबलं.

"अगं, अकरा तारीख चालेल का?" आतून वडिलांनी हाक मारली. "सगळ्या काड्या पटतायत!"

"थांबा, बाबा," लेक म्हणाली. "आमचं अजून सातावर ठरायचंय."