जुबियाखालची बाळंतीण

लंडनमधल्या ईलिंगच्या घरात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात सत्तरीचे एक गृहस्थ, डोक्याला कानटोपी आणि हातात वेम्बलीहून आणलेला पेढ्यांचा बॉक्स. "मी शेजारचा खांबेटे. तोंड गोड करा, जुबियाला नवीन पान आलं," ते म्हणाले. माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, आधी पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, जुबिया म्हणजे तुमची नात का. काका वळले आणि आम्हाला सरळ त्यांच्या मागच्या बागेत घेऊन गेले.

जुबिया हा चिलीकडचा पाम निघाला. काकांनी तो बी लावून वाढवला होता. त्यांची मुलगी मेधा शाळेत होती तेव्हा बी रुजलं, आता मेधा लग्न होऊन एडिंबराला होती, आणि या पठ्ठ्याला अजून खोडसुद्धा नव्हतं. नुसता जमिनीतून निघालेला पानांचा झुपका. खोड कधी येणार, मी विचारलं. "येईल पंधरा-वीस वर्षांत." मी मनातल्या मनात काकांच्या वयात वीस मिळवायला लागले, तर ते त्यांना बरोबर कळलं. "घाई काय आहे?" ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. बॉयलर बंद पडला, घाई काय आहे. चहा निवून त्यावर साय धरली, घाई काय आहे. मूळचे गुहागरकडचे, घरची नारळी-पोफळीची वाडी, पण नारळाचं नाव काढलं की नाक मुरडायचे. नारळ काय, कुणीही लावतो, म्हणे. चार दिवसांत शहाळं हातात, त्यात कसली आली मजा?

थंडी पडली की ते जुबियाची पानं वर बांधायचे आणि त्याला आपला जुना स्वेटर, मफलर आणि वर दुसरी कानटोपी घालायचे. पहिल्या हिवाळ्यात मी किचनच्या खिडकीतून रोज सकाळी त्याला हात करत होते, आणि म्हातारा साधी ओळख देत नाही म्हणून श्रीरंगजवळ कुरकुरत होते. एके दिवशी मी हात करत असतानाच काका मागच्या दाराने साखर मागायला आले. तेव्हा कुठे उलगडा झाला.

जुबियावर माया होती तेवढंच बागेतल्या जनावरांशी वैर. या पामच्या बिया म्हणजे बोटाच्या पेराएवढे नारळ, आत गोड खोबरं. काका त्या मागवून पेरायचे, खारी उकरायच्या. शेवटी त्यांनी सगळी रोपं घरात घेतली. घरात म्हणजे मेधाच्या खोलीत, कारण ती खोली उबदार. पलंगावर कुंड्या, टेबलावर कुंड्या, आणि दिवसरात्र हीटर चालू. काकू जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. स्वतः काका खालच्या गारठलेल्या खोलीत दोन स्वेटर चढवून बसायचे.

त्या वर्षी मेधाला दिवस गेले. मे महिन्यातली तारीख होती. नवरा आठवड्यातले पाच दिवस कामाने बाहेरगावी, म्हणून तिने फोनवर विचारलं, बाबा, शेवटचे दोन महिने मी तिकडे येऊ का, डिलिव्हरी तिथेच करू. काका म्हणाले, बघू, घाई काय आहे. खोलीत रोपं आहेत, ती हलवली तर जगायची नाहीत, आणि शिवाय मला काय कळतं बाळंतपणातलं, तुझी आई असती तर गोष्ट वेगळी. मेधा इथेच जन्मलेली. तिचं मराठी गोड आणि मोडकं. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. माझा खोली राहू दे. पामना थंडी वाजेल."

हे काकांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं, पोरगी किती समजूतदार आहे बघ म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलटकरीण पोर माहेरी यायचं म्हणते आणि हा माणूस कुंड्या मोजतोय. मी तोंडावर म्हटलं, काका, शोभत नाही हे तुम्हाला. ते कपातल्या चहावरची साय बराच वेळ चमच्याने बाजूला सारत बसले.

मार्चमध्ये एक कोल्हीण आली आणि तिने नेमकं जुबियाच्या मुळाशी बीळ केलं. मातीचा हा ढीग, मुळं उघडी पडलेली, आणि आमचा जुबिया एका अंगाला कललेला. काकांना पहिल्यांदाच घाई झालेली मी पाहिली. घरातल्या चपलांवर धावत आमच्याकडे आले आणि आमच्याच फोनवरून बंदोबस्ताला माणूस बोलावला. माणूस दुपारी आला. त्याने स्वच्छ सांगितलं, पाम वाचवायचा तर हिला आत्ताच हुसकावून खड्डा बुजवा. पुढची थंडी या उघड्या मुळांना सोसायची नाही. काका म्हणाले, लागा कामाला. पण त्याआधी टॉर्च घेऊन ते स्वतः गुडघ्यांवर बसले आणि बिळात डोकावले. आतून बारीक कुंईकुंई ऐकू येत होती.

ते उठले. गुडघ्यांची मातीसुद्धा झटकली नाही.

"नको," ते मला म्हणाले. "याला जायला सांग. आत बाळंतीण आहे."

माणूस गेला आणि आमचे हाल सुरू झाले. श्रीरंगने बागेत फोनवर मोठ्यांदा बोलायचं नाही. मी कपडे वाळत घालताना बादली आपटायची नाही. काका सकाळी बशीत अंडं आणि तूप लावलेली पोळी ठेवून लगबगीनं आत पळायचे. एकदा मला म्हणाले, अनघा, तुला डिंकाचे लाडू येतात ना. मी म्हटलं, काका, कोल्हिणीला डिंक लागत नाही. विचारून बघ तुझ्या आईला, म्हणाले. एप्रिल उजाडला तरी दोन रात्री कडक हिम पडलं. जवळ गेलो तर ती बिचकेल म्हणून काकांनी जुबियाला साधा मफलरही गुंडाळला नाही. पानं पिवळी पडली. मधला कोंब, ज्याच्यासाठी पेढे वाटले जायचे, तोही तपकिरी झाला. काका खिडकीतून बघत राहायचे. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता.

मग एका शनिवारी सकाळीच ते दारात आले. हातमोजे घातलेले. म्हणाले, चला दोघं, हात लावा. आम्ही मेधाच्या खोलीतल्या सगळ्या कुंड्या खाली आणल्या. थोड्या आमच्या बैठकीत आल्या, बाकीच्या काकांनी सरळ बाहेर उघड्यावर ठेवल्या. रात्री यांचं काय होईल, श्रीरंगने विचारलं. काकांनी पलंग पुसला, काकूंच्या हातची गोधडी पसरली आणि तिथेच बसून एडिंबराला फोन लावला. आम्ही उठायला लागलो तर हातानेच बसा म्हणाले. फोनचा स्पीकर चालू होता.

"मेधा, तुझी खोली रिकामी केली."

पलीकडून ती हसत हसत म्हणाली, पण हसू काही धड येत नव्हतं, "आणि पामना थंडी वाजेल ना, बाबा?"

"वाजू दे," काका म्हणाले. "माझी चूक झाली, बाळा. तू ये."

"हॉस्पिटल वगैरे बदलायला लागेल. नेक्स्ट वीक येऊ?"

मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचं पालुपद आता येणार, अशी माझी खात्रीच होती.

"आज गाडी आहे का बघ," ते म्हणाले.