नेनेकाकांनी नापास केलेले समीक्षक

आमच्या सदाशिव पेठेतल्या बिल्डिंगमधले नेनेकाका सिनेमे बघत नसत, सिनेमाची परीक्षणं तपासत. तीही एकाच सिनेमाची. जुना, नावाजलेला ब्रिटिश सिनेमा. एक देखणा, बोलघेवडा गडी एकामागून एक बायकांना नादी लावतो आणि सटकतो. त्यावर जगभर जे काही छापून आलं, ते काकांच्या फायलीत. समासात लाल पेनानं शेरे आणि दहापैकी मार्क.

"नायक मोहक आहे म्हणे! जावई म्हणून चालेल का रे तुला? शून्य!"

मी नुकताच हडपसरच्या आयटी कंपनीत लागलो होतो. ऑफिसात इंटरनेट आहे हे कळल्यावर काकांनी मला कामाला जुंपलं. संध्याकाळी जिन्यातच हाक यायची, "काय संगणक, आज कोण नापास?" मी मुकाट्यानं प्रिंट द्यायचो.

"अभिनय छान, छायाचित्रण छान. अरे, एक साधा प्रश्न आहे, तो एकालाही पडू नये?"

कुठला प्रश्न, ते सांगत नसत. म्हातारा जरा सरकलाय, असं माझं मत झालं होतं.

एकदा ते चहा टाकायला आत गेले आणि मी फायलीचं पहिलं पान उघडलं. साप्ताहिकातलं पिवळं पडलेलं कात्रण. परीक्षण खुद्द नेनेकाकांचं! 'दिलखुलास नायक. पोट धरून हसलो.' त्यावर लाल शून्य. खाली निळ्या शाईत, बाईमाणसाच्या अक्षरात एकच ओळ: 'आणि त्या बायकांचं काय?'

"आमच्या हिचं, सुशीलाचं अक्षर," मागून काका म्हणाले. "सिनेमाचं निमित्त रे. ती माझ्याच वागण्याबद्दल विचारत होती. मी हसण्यावारी नेलं. कोथरूडला बहिणीकडे गेली, ती गेलीच."

मी फाईल मिटून ठेवली. चहा तसाच प्यायलो.

पुढच्या आठवड्यात मला एक परीक्षण सापडलं, कुणा इंग्रज बाईचं. नेमकं तेच विचारलं होतं. काकांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग माझ्या खिशातलं निळं पेन मागून घेतलं, कागदाच्या डोक्यावर लिहिलं, 'तुझं बरोबर होतं', आणि तो पाकिटात घातला. कोथरूडचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता.

"पोस्टात टाक जाता जाता."

"काका, मार्क राहिले की."

"ते आता तिनं द्यायचे," काका म्हणाले. "मला."